स्पेक्ट्रोस्कोपीवाल्या शास्त्रज्ञाचं काम कुठवर पोचलं ते कसं बघायचं

एमएस्सीला फिजिकल केमिस्ट्री घेतलेल्या पोरापोरींना हे काम दोनदा तरी पडतंच. एकदा सेमिनारला "अमुक शास्त्रज्ञाचं योगदान" असा विषय मिळतो तेव्हा आणि दुसऱ्यांदा पीएचडीला गाईड शोधताना. दोन्ही वेळा बहुतेकजण गुगल स्कॉलर उघडतात, एच-इंडेक्स बघतात, सायटेशनचा (इतरांच्या पेपरात किती वेळा संदर्भ आला त्याचा) आकडा वहीत उतरवतात आणि झालं म्हणतात. आकडा खोटा नसतो, पण त्या माणसाने नक्की काय केलं आणि ते पुढे कुणी वापरलं यातलं त्यावरून काहीच कळत नाही. स्पेक्ट्रोस्कोपीत, म्हणजे पदार्थ कुठला प्रकाश शोषतो किंवा सोडतो ते बघून तो ओळखायच्या शास्त्रात, तर जास्तच पंचाईत, कारण इथलं चांगलं काम दुसऱ्यांच्या कामात इतकं मिसळून जातं की मूळ नाव लिहायची कुणाला गरजच वाटत नाही.

कोल्हापुरातलंच बघा ना. शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फौंड्रीत जा, धातू ओतायच्या आधी नमुन्याची चकती काढतात, घासून साफ करतात आणि स्पेक्ट्रोवर, म्हणजे स्पेक्ट्रोमीटरवर, लावतात, ठिणगी पडते आणि थोड्याच वेळात कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, सल्फर, फॉस्फरस सगळ्यांचे टक्के स्क्रीनवर येतात. गुजरीच्या सराफ बाजारात नाहीतर हुपरीत दागिन्याचा टंच काढायचं मशीन एक्स-रे फ्लुरोसन्सवर चालतं. प्रत्येक मूलद्रव्य प्रकाशात आपापल्या ठरलेल्या रंगाच्या रेषा देतं, त्यामुळे प्रकाश बघून पदार्थ ओळखता येतो, ही गोष्ट बुन्सेन आणि किर्चहॉफ या दोघांनी हायडेलबर्गला पक्की केली आणि त्याच जोरावर १८६० मध्ये सीझियम आणि १८६१ मध्ये रुबिडियम शोधून काढलं. शिरोलीतल्या टेस्ट रिपोर्टवर बुन्सेनचं नाव नसतं, आणि असायचं कारणही नाही. पण इम्पॅक्ट म्हणायचं तर तो हाच, आणि तो कुठल्याच इंडेक्समध्ये येत नाही. म्हणून मी ज्या क्रमाने बघते तो क्रम सगळा लिहून काढते, ज्याला जेवढा लागेल तेवढा घ्या.

सगळ्यात आधी ठरवा की हा माणूस स्पेक्ट्रोस्कोपीत करतो काय. यावर जेवढा वेळ घालवाल तेवढा कमी आहे, कारण पुढे कुठे शोधायचं ते यावरच ठरतं.

काहीजण पद्धत किंवा यंत्र तयार करतात. रिचर्ड अर्न्स्ट यांनी अँडरसन यांच्याबरोबर १९६६ च्या सुमारास फुरिये ट्रान्सफॉर्म एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात ठेवून रेणूची रचना ओळखायची पद्धत) आणलं, १९९१ ला त्यांना नोबेल मिळालं, आज ऑर्गॅनिकवाला प्रत्येकजण रोज ते वापरतो आणि पेपरात अर्न्स्टचा संदर्भ कुणी देत नाही. अशा माणसाचा माग काढायचा तर बाकीच्यांच्या पेपरातला प्रयोगाचा भाग वाचायचा, पेटंटं बघायची आणि कंपनीच्या मशीनमध्ये ती पद्धत शिरली का ते बघायचं.

काहीजण आकडे मोजतात. रेषा नेमकी कुठे आहे, किती तीव्र आहे, दाब वाढला की किती रुंदावते. ऐकायला रुक्ष वाटतं, पण मला या लोकांबद्दल फार आदर आहे. हिट्रान नावाचा डेटाबेस आहे, हवेतल्या वायूंच्या रेषांची यादीच म्हणा, अमेरिकेतल्या हार्वर्ड-स्मिथसोनियनच्या केंद्रात तो सांभाळला जातो. २०१४ ला सोडलेला ओसीओ-२ हा उपग्रह वरून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतो तो सूर्यप्रकाश किती शोषला गेला त्यावरून, आणि ते गणित रेषांचे आकडे बिनचूक असतील तरच जमतं. कुणीतरी प्रयोगशाळेत बसून ऑक्सिजनच्या एका पट्ट्याच्या रेषांची रुंदी वर्षानुवर्षं मोजलेली असते. उपग्रहाचा डेटा वापरणारा हिट्रानचा संदर्भ देतो, फार झालं तर, आणि मूळ मोजणाऱ्याचा पेपर तसाच मागे राहतो. म्हणून अशा माणसासाठी डेटाबेसच्या आत शिरायचं, तिथे आकड्याशेजारी मूळ संदर्भ दिलेला असतो. तसंच निस्ट या अमेरिकेतल्या मानक संस्थेच्या वेबबुकचं. दोन अणूंच्या रेणूचं पान उघडलं तर स्थिरांकांच्या खाली ह्यूबर आणि हर्झबर्ग यांच्या १९७९ च्या संकलनाचं नाव दिसतं, ते आजही जगभरचे विद्यार्थी वापरतात.

तिसरे म्हणजे रेणू समजून घेणारे. गेरहार्ड हर्झबर्ग यांचंच घ्या, शिक्षण फिजिक्सचं पण १९७१ चं नोबेल मिळालं केमिस्ट्रीत, रेणूंची, त्यातही फ्री रॅडिकल्सची (एकटा पडलेला इलेक्ट्रॉन असलेल्या चंचल रेणूंची), इलेक्ट्रॉन रचना आणि भूमिती उलगडल्याबद्दल. मेथिलीनसारखा क्षणभरच टिकणारा रेणू स्पेक्ट्रममध्ये पकडायचा आणि त्यावरून त्याचा आकार सांगायचा. अशा कामाचा माग पाठ्यपुस्तकात लागतो आणि थिअरीवाल्यांच्या पेपरात लागतो, कारण त्यांना आपलं गणित ताडून बघायला हेच आकडे लागतात.

आणि चौथे, स्पेक्ट्रा वापरणारे. यात कमीपणा काहीच नाही, पण फरक ओळखता आला पाहिजे. आपल्याकडे थिन फिल्म, नॅनोमटेरियल, सुपरकपॅसिटर यावर भरपूर काम चालतं, त्यातल्या जवळपास प्रत्येक पेपरात एफटीआयआर असतो, रामन असतो, यूव्ही-व्हिजिबल असतो, म्हणजे वेगवेगळ्या तऱ्हेने घेतलेले स्पेक्ट्रा. सैफला (विद्यापीठातल्या मोठ्या यंत्रांच्या सामाईक केंद्राला) नमुना द्यायचा, स्पेक्ट्रम आणायचा, शिखरं म्हणजे आलेखातले उंचवटे ओळखायची आणि "अमुक बंध तयार झाल्याची खात्री पटते" असं एक वाक्य लिहायचं. हे मटेरियलचं संशोधन झालं, स्पेक्ट्रोस्कोपीचं नव्हे. ओळखायची खूण सोपी आहे, पेपरातून स्पेक्ट्रम काढून टाकला तर पेपर उभा राहतो का ते बघा. राहत असेल तर स्पेक्ट्रम पुराव्यापुरता होता. राहत नसेल, म्हणजे शिखर का सरकलं, का रुंदावलं, किती वेळात विझलं हाच पेपरचा प्रश्न असेल, तर माणूस स्पेक्ट्रोस्कोपिस्ट. प्रोफाइलवर काय लिहिलंय त्यापेक्षा ही खूण जास्त भरवशाची.

आता नावाचं. हे काम कंटाळवाणं आहे पण टाळू नका. कोल्हापूर जिल्ह्यात ए. बी. पाटील किती निघतील याचा विचार करा, आणि त्यातले केमिस्ट्रीवालेच बरेच निघतील. स्कॉलरच्या प्रोफाइलमध्ये दुसऱ्याच पाटलांचे पेपर शिरलेले असतात, लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईंचं अर्धं काम एका नावावर आणि अर्धं दुसऱ्यावर असतं, कुठे वडिलांच्या नावाचं आद्याक्षर असतं कुठे नसतं. ऑर्किड म्हणजे संशोधकाचा स्वतःचा १६ अंकी ओळख क्रमांक, तो असेल तर तिथून सुरू करा. नसेल तर पेपरावरचा संस्थेचा पत्ता, सहलेखक आणि विषय या तिन्हींचा मेळ घालून यादी स्वतः करा. शंका असलेला पेपर बाजूला ठेवा, आकडा वाढतोय म्हणून आत घेऊ नका.

मग आकडे. स्कॉलरमध्ये आकडा सगळ्यात मोठा दिसतो कारण तो थीसिस, प्रीप्रिंट, कॉन्फरन्सची पानं सगळंच मोजतो. स्कोपस हा दुसरा डेटाबेस निवडक जर्नल्स मोजतो म्हणून तिथे कमी येतो. ओपनअलेक्स आणि लेन्स फुकट आहेत आणि घरूनही चालतात. कुठला खरा म्हणून भांडत बसू नका, एक जागा धरा आणि तुलना करायची असेल तर दोघांचेही आकडे त्याच जागेवरून घ्या. स्कोपसमध्ये स्वतःचेच संदर्भ वगळायची सोय आहे, ती वापरून बघा, आकडा थोडा उतरला तर काही नाही पण निम्म्यावर आला तर का ते शोधा. अर्थात एकाच रेणूवर वीस वर्षं काम करणारा माणूस स्वतःचे जुने पेपर सांगणारच, त्यामुळे लगेच संशय घेऊ नका.

एच-इंडेक्स हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली मांडला. १० असेल तर अर्थ इतकाच, की प्रत्येकी निदान १० वेळा संदर्भ मिळालेले १० पेपर आहेत. समजा एकाचे १० पेपर आहेत आणि प्रत्येकाला १०-१० संदर्भ, दुसऱ्याचेही १० पेपर, नऊ तसेच पण दहाव्याला ५००० संदर्भ. दोघांचाही एच-इंडेक्स १०. तो दहावा पेपर कुठला हेच तर आपल्याला हवं असतं! शिवाय तरुण माणसाचा इंडेक्स कमीच असणार, त्यामुळे वय वेगळं असलेल्यांची तुलना यावर करू नये. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर तर माणसाचा नसतोच, तो जर्नलची सरासरी असते आणि ती सरासरी थोड्या गाजलेल्या पेपरांनी वर ओढलेली असते. संशोधनाचं मूल्यमापन कसं करावं यावरच्या २०१३ च्या डोरा जाहीरनाम्यात नेमकं हेच सांगितलंय, की माणसाचं काम जर्नलच्या आकड्यावरून मोजू नका.

विषयाप्रमाणेही आकडे बदलतात. आजवर सगळ्यात जास्त संदर्भ मिळालेला पेपर कुठला माहित आहे का, लॉरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा, प्रथिनं किती आहेत ते रंगाच्या तीव्रतेवरून मोजायची पद्धत. २०१४ मध्येच त्याचे संदर्भ ३ लाखांवर गेले होते. साधी शोषण मोजायची रीत, पण जगातल्या प्रत्येक बायोकेमिस्ट्री लॅबला ती लागली. याउलट मायक्रोवेव्ह स्पेक्ट्रम घेऊन एखाद्या रेणूच्या बंधांची लांबी काढणारा पेपर कितीही सुंदर असला तरी तो वाचणारेच जगात मोजके. तेव्हा त्याच उपशाखेतल्या, साधारण त्याच वयाच्या चार-पाच लोकांशी तुलना करा, तरच आकड्याला अर्थ येतो.

यानंतरचं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि तेच कुणी करत नाही. संदर्भ देणाऱ्यांचे पेपर उघडा आणि ज्या वाक्यात आपल्या माणसाचं नाव आलंय ते वाक्य वाचा. गाजलेले तीन पेपर निवडा, प्रत्येकाला संदर्भ देणारे दहा-पंधरा पेपर घ्या, जुने नवे मिसळून आणि वेगवेगळ्या देशांतले. वाक्य वाचून शेजारी एक शब्द लिहा. "रामन स्पेक्ट्रोस्कोपी हे उपयुक्त तंत्र आहे" असं म्हणून शेवटी सात-आठ संदर्भ एकदम लावलेले असतील तर लिहा "गर्दीत". "आम्ही यांची पद्धत वापरली" असेल तर "पद्धत". त्यांनी मोजलेला आकडा घेतला असेल तर "आकडा". "यांच्या निष्कर्षाशी आमचा मेळ बसत नाही" असेल तर "वाद", आणि वाद दिसला तर खूश व्हा, कारण ज्याच्याशी वाद घालावासा वाटतो ते काम कुणीतरी नीट वाचलेलं असतं. सिमँटिक स्कॉलर ही फुकट साइट अशी विभागणी थोडीफार आपोआप दाखवते, सुरुवातीला तिची मदत घ्या पण वाक्यं स्वतःच वाचा. एका संध्याकाळी होणारं काम आहे आणि त्यानंतर त्या माणसाबद्दल तुम्ही जे सांगाल ते दुसरं कुणी सांगू शकणार नाही.

वाद कसा वाचायचा त्याचं एक छान उदाहरण आहे. १९७४ मध्ये साउदॅम्प्टनला फ्लायशमन, हेंड्रा आणि मॅकक्विलन यांना चांदीच्या खडबडीत इलेक्ट्रोडवर पिरिडीनचा फार जोरदार रामन सिग्नल मिळाला. पृष्ठभाग वाढला, जास्त रेणू चिकटले, म्हणून सिग्नल वाढला असं त्यांचं म्हणणं. १९७७ ला जीनमेअर आणि व्हॅन ड्यूइन यांनी, आणि वेगळेपणाने अल्ब्रेक्ट आणि क्राइटन यांनी, दाखवलं की नुसत्या जास्त रेणूंनी एवढी वाढ होऊच शकत नाही, काहीतरी वेगळंच घडतंय. त्यातून सर्स (पृष्ठभागामुळे वाढलेला रामन सिग्नल) ही अख्खी शाखा उभी राहिली आणि १९९७ पर्यंत एकेका रेणूचा रामन सिग्नल मिळाल्याचे पेपर आले. आता १९७४ च्या पेपरचा इम्पॅक्ट किती? निरीक्षण त्यांचं, स्पष्टीकरण दुसऱ्यांचं. सेमिनारला हे दोन्ही सांगा, एकालाच सगळं श्रेय देऊन मोकळे होऊ नका.

आणि जे काम फार मोठं होतं त्याचे संदर्भ थांबतात हेही ध्यानात ठेवा. रामन परिणाम, म्हणजे रेणूवरून विखुरताना प्रकाशाचा रंग किंचित बदलणं, दिसला तो २८ फेब्रुवारी १९२८ ला कोलकात्यात, रामन आणि कृष्णन यांचं टिपण त्याच वर्षी नेचरमध्ये आलं, १९३० ला नोबेल मिळालं. आज रामनचा स्पेक्ट्रम छापणाऱ्या किती पेपरांच्या शेवटी ते टिपण असतं? शोधून बघा, क्वचितच सापडेल. द्रावणात पदार्थ जास्त तर प्रकाश जास्त शोषला जातो, या बिअर-लँबर्टच्या नियमाचंही तेच. नाव भाषेत मुरलं की संदर्भाची यादी रिकामी होते.

जर्नलच्या बाहेरचं बघायचं ते थोडक्यात सांगते. पेटंटसाठी गुगल पेटंट्स किंवा लेन्स. एमआरआयसारखं काही असेल तर हॉस्पिटलपर्यंत जावं लागतं, पॉल लॉटरबर हे एनएमआरवाले केमिस्ट, १९७३ च्या त्यांच्या पेपरातून एमआरआयची सुरुवात झाली. कायदे, करार, मानकं यातही उल्लेख सापडतात.

विद्यार्थ्यांबद्दल मात्र सविस्तर. शोधगंगावर गाईडच्या नावाने थीसिस सापडतात, त्यांची यादी करा, मग ती माणसं आज कुठे आहेत ते बघा. जॉर्ज पिमेंटेल हे नाव आपल्याकडे फारसं घेतलं जात नाही, पण या सगळ्या पद्धतीसाठी मला त्यांच्याइतकं चांगलं उदाहरण दुसरं सुचत नाही. बर्कलीचे फिजिकल केमिस्ट, इन्फ्रारेडवाले. रेणूला गोठलेल्या निष्क्रिय वायूत अडकवून ठेवायचं म्हणजे एरवी लगेच नाहीसा होणारा रेणूही सावकाश बघता येतो, ही मॅट्रिक्स आयसोलेशनची पद्धत त्यांच्या गटाने १९५४ च्या सुमारास मांडली. १९६५ ला कॅस्परबरोबर पहिला केमिकल लेझर, म्हणजे रासायनिक क्रियेच्या ऊर्जेवर चालणारा लेझर, केला. १९६९ ला मरिनर ६ आणि ७ या यानांवर त्यांच्या गटाचा इन्फ्रारेड स्पेक्ट्रोमीटर मंगळापर्यंत गेला. तिथल्या दक्षिण ध्रुवाजवळच्या स्पेक्ट्रममध्ये मिथेन आणि अमोनिया दिसतोय असं आधी जाहीर केलं, नंतर लक्षात आलं की त्या पट्ट्या गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या आहेत, आणि त्यांनी ते मागे घेतलं. नोबेल काही मिळालं नाही. पण त्यांच्या हाताखाली १९७२ ला पीएचडी झालेला एक विद्यार्थी म्हणजे मारिओ मोलिना, ज्यांनी रोलंडबरोबर १९७४ मध्ये दाखवलं की फ्रीज आणि स्प्रेमधले क्लोरोफ्लुरोकार्बन वर जाऊन अतिनील किरणांनी फुटतात आणि त्यातला क्लोरीन ओझोन खातो. १९८७ ला माँट्रियलचा करार झाला, १९९५ ला मोलिना, रोलंड आणि क्रुट्झन यांना नोबेल मिळालं. आता हे सगळं पिमेंटेल यांच्या एच-इंडेक्समध्ये कुठे बसवणार? मोलिनांचं श्रेय मोलिनांचंच, पण रेणू प्रकाशाने कसा फुटतो याचा विचार करायची शिस्त ज्या लॅबमध्ये लागली ती लॅब कुणाची होती हे सांगितलंच पाहिजे.

लिहिताना दावा, पुरावा, मर्यादा असा क्रम ठेवा. पिमेंटेल यांच्यावर मी असं लिहीन: "मॅट्रिक्स आयसोलेशनमुळे अल्पजीवी रेणूंचा इन्फ्रारेड अभ्यास शक्य झाला, नंतरच्या गटांनी हीच पद्धत प्रयोगात वापरलेली दिसते, मात्र पकडून ठेवणाऱ्या घन पदार्थाचा रेणूवर थोडा परिणाम होतो त्यामुळे शिखरं वायूतल्यापेक्षा किंचित सरकतात." तीन तुकड्यांचं एकच वाक्य, पण "जागतिक कीर्तीचे, थोर" वगैरे दहा विशेषणांपेक्षा परीक्षकांना यातून जास्त कळतं. आकडा लिहिलात तर शेजारी कुठून घेतला आणि कुठल्या तारखेला ते लिहा, सहा महिन्यांनी तो बदललेला असतो.

फसवणुकीबद्दल दोन गोष्टी. पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नल्स आहेत, यूजीसीची केअर यादी (मान्य जर्नल्सची) २०२५ मध्ये बंद झाली त्यामुळे आता यादीत आहे का एवढं बघून भागत नाही, संपादक मंडळ आणि आधीचे अंक स्वतः चाळावे लागतात. मागे घेतलेले पेपर रिट्रॅक्शन वॉचच्या डेटाबेसमध्ये नाव टाकून तपासा, तो सगळ्यांना खुला आहे. एकाच स्पेक्ट्रमचा आलेख दोन वेगळ्या पदार्थांच्या नावाने छापलेला दिसला, अगदी गोंगाटाच्या रेघांसकट सारखा, तर तिथेच थांबा.

पेपर मिळत नसेल तर सरकारी विद्यापीठांना आणि कॉलेजांना २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शनमधून बरीच जर्नल्स खुली झालीत, शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात बसून विचारा, तिथली माणसं मदत करतात.

गाईड शोधत असाल तर शेवटी प्रत्यक्ष भेटायला जा आणि सरांना किंवा मॅडमना भेटायच्या आधी त्यांच्या लॅबमधल्या विद्यार्थ्यांशी बोला. मशीन स्वतःचं आहे की दर वेळी बाहेर नमुना पाठवावा लागतो, नंबर यायला किती दिवस लागतात, कच्चा डेटा जपून ठेवतात का, शिखर कशामुळे आलं यावर मीटिंगमध्ये चर्चा होते की नुसतं "कधी पाठवतोयस पेपर" एवढंच विचारलं जातं, पहिल्या पेपरावर पहिलं नाव कुणाचं होतं. मग आत गेल्यावर सरांना त्यांच्याच एखाद्या जुन्या पेपरातल्या एका शिखराबद्दल विचारा, हे इथेच का आलं म्हणून, आणि ते किती वेळ आणि किती आनंदाने बोलतात ते ऐका.